शिखाची दुसरी सर्व्हिस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सरांना नाही, आणि आईला तर — आईला तर नाहीच नाही. चौदा वर्षं झाली. तेवढ्या काळात माझं लग्न झालं, रॅकेट खाली ठेवली, पोरींना टेनिस शिकवायला लागले, चार ठिकाणी शाल-श्रीफळ घेतलं. आणि दर वेळी हेच ऐकलं — अश्विनीताईंचं मन बघा, लोखंडाचं आहे! मी मान खाली घालून हसते. लोकांना तो विनय वाटतो.

तुम्ही माझ्या जवळचे आहात असं धरून सांगते. मध्येच अडखळले तर अडखळू द्या. आणि मी फार भली बाई आहे असं समजून वाचायला बसला असाल, तर आत्ताच सांगते — नाही. मी डूख धरणारी आहे. कुणी काही बोललं की तोंडावर हसते, पण विसरत नाही. दुसरीत माझी पट्टी मोडणाऱ्या मुलीचं नाव मला आडनावासकट आठवतं. पुढे तिचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा मला — जाऊ दे. ते इथे नको.

इथे शिखाबद्दल सांगायचंय.

शिखा आणि मी नऊ-नऊ वर्षांच्या होतो तेव्हा उज्जैनच्या एकाच क्लबात, एकाच सरांकडे, एकाच आठवड्यात शिकायला लागलो. ती नानाखेड्याची, बसस्टँडच्या मागच्या कॉलनीतली. आम्ही फ्रीगंजमध्ये. माझे बाबा बँकेच्या बदलीवर इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. तिच्या घरी हिंदी, आमच्या घरी मराठी, आणि कोर्टावर सगळी खिचडी. मी घरी येऊन 'आज मी बहोत थकली' म्हटलं की आई कपाळावर हात मारून घ्यायची. शिखा मात्र आईची लाडकी. आंटी, आंटी करत स्वयंपाकघरात शिरायची आणि साबुदाण्याची खिचडी माझ्या आधी खाऊन बसायची.

अकरा-बारा वर्षं आम्ही एकत्र खेळलो. राज्याच्या स्पर्धा, मग त्या सगळ्यात खालच्या पायरीच्या व्यावसायिक स्पर्धा — एकच गाडी, एकच खोली, दुहेरीत एकमेकींच्या जोडीदार. आणि एकेरीत समोरासमोर आलो की ती जिंकायची. कधीकधी नाही हो. दर वेळी.

माझा फोरहँड तिच्याहून चांगला होता. पाय वेगवान होते. हे मी नाही, सर सांगायचे. पण चार-चार गेम झाले की मला काहीतरी व्हायचं. हात दगडाचा व्हायचा, तोंडाला कोरड पडायची, चेंडू दिसायचाच नाही. आणि ती? ती कोर्टाकडे पाठ करायची, मागच्या जाळीकडे तोंड करून रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करायची, एक मोठा श्वास सोडायची, आणि वळायची तेव्हा चेहऱ्यावर काही म्हणजे काही नसायचं. रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी. त्या चेहऱ्याची मला इतकी चीड यायची, इतकी! घरी आरशासमोर मी तो चेहरा करून बघायची. जमला नाही.

सामना संपल्यावर जाळीपाशी हात मिळवायचा असतो, तर ती दोन बोटं पुढे करायची. फक्त दोन. आणि बघायची दुसरीकडे — पाण्याच्या बाटलीकडे, नाहीतर सरांकडे. त्या दोन बोटांचा हिशेब मी किती वर्षं मनात ठेवला असेल, सांगा बरं?

आम्ही वीस वर्षांच्या असताना इथल्या एका हिंदी पेपरात तिची मुलाखत आली. फोटोसकट, अर्धं पान. पत्रकारानं विचारलं होतं, तुमच्याच क्लबात अश्विनीही खेळते, तिच्याबद्दल काय वाटतं? शिखा म्हणाली, 'अश्विनी का खेल मुझसे अच्छा है. बस कलेजा छोटा है.'

बस कलेजा छोटा है.

सरांनी ते कात्रण क्लबाच्या बोर्डावर लावलं. कौतुकानं हो, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण मी रोज सकाळी त्याच्यासमोरून कोर्टावर जायची. टावर चौकात पोहे खायला थांबलं की कुणीतरी ओळखीचं हसून म्हणायचं, काय गं, कलेजा वाढला की नाही? शेजारच्या काकूंनी तर आईला कसलासा काढा सुचवला. आई हसली. मीही हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि मी हसत होते. त्या रात्री ठरवलं वगैरे काही नाही. मी ठरवत नाही. मी नुसती वाट बघते.

आणि मग मी ज्याची वाट बघत होते ते तिनं मला स्वतःच्या हातानं दिलं.

त्या हिवाळ्यात तिचे पप्पा गेले. हार्ट अटॅक, उभ्या उभ्या. तेरावं झालं आणि सरांनीच तिला बळंबळं एका स्पर्धेला पाठवलं, सोबत मला. ती पहिल्याच फेरीत हरली. भोपाळहून परत येत होतो, दुपारची गाडी, डबा रिकामा. ती खिडकीशी बसली होती, आणि एकदम बोलायला लागली. माझ्याकडे न बघता.

तिचे पप्पा लहानपणी प्रत्येक सामन्याला यायचे. कोर्टाच्या मागे बाकावर बसायचे आणि ती हरायला लागली की खिशातून स्कूटरची चावी काढून बोटात फिरवायचे. छन-छन, छन-छन. म्हणजे मी निघालो. एकदा, अकरा वर्षांची होती, सामना संपायच्या आधी ते खरंच स्कूटर काढून निघून गेले. ती रॅकेट पाठीला लावून क्लबापासून नानाखेड्यापर्यंत पायी गेली. घरी पोचली तेव्हा ते जेवत होते. वर न बघता म्हणाले, हरनेवाले पैदल आते हैं.

तेव्हापासून, शिखा म्हणाली, दुसरी सर्व्हिस करताना कुठे चावी वाजली की तिचा खांदा जागच्या जागी गोठतो. कुणाचीही चावी. म्हणून ती मागच्या जाळीकडे तोंड करून उभी राहते — मन शांत करायला नाही, चावी वाजत नाही ना हे ऐकायला. तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःच्या आईलाही नाही. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, 'पापा चले गए यार. चाबी नहीं गई.' आणि रडायला लागली.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला पाणी दिलं, शेंगदाण्याची पुडी फोडून दिली. खरंच वाईट वाटलं मला, खोटं नाही सांगत. पण हात पाठीवर होता तेव्हाच, त्याच मिनिटाला, आत कुठेतरी मी म्हटलं — सापडलं. हे लिहिताना माझी मला शिसारी येते. तेव्हा आली होती का? नाही. तेव्हा छान वाटलं.

तीन महिन्यांनी आमच्या उज्जैनला पहिल्यांदा बायकांची व्यावसायिक स्पर्धा आली. बाहेरच्या मुली, परदेशातल्या दोघी-तिघी, गावभर फलक. यजमान गावच्या एका मुलीला थेट मुख्य फेरीत जागा द्यायची असं ठरलं. एकाच मुलीला. आणि आम्ही होतो दोघी. तेव्हा आयोजक म्हणाले, आपसात एक सामना खेळा, जिंकेल ती आत. तीन सेट, वर अंपायर, सगळं रीतसर. आपल्याच गावात, आपल्याच लोकांसमोर! त्यासाठी मी बारा वर्षं उन्हात काळी झाले होते. आणि ती जागा शिखाची आहे हे अख्ख्या फ्रीगंजनं आधीच ठरवून टाकलं होतं.

आता टेनिसची एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सर्व्हिस करायला दोन संधी असतात. पहिली चुकली तर चालतं. दुसरी चुकली की गुण गेला. पहिली आणि दुसरीच्या मध्ये जे चार-पाच सेकंद असतात ते सर्व्हिस करणारीचे. तेव्हा सगळे गप्प बसतात, कुणी खोकलासुद्धा दाबून धरतं. आमच्या क्लबातला चहावाला तेव्हा कपबशीला हात लावायचा नाही. इतकी शांतता असते. त्या शांततेत चाव्या किती मोठ्यानं वाजत असतील, तुम्हीच विचार करा.

माझी आई कधी सामन्याला यायची नाही. म्हणायची, मला धडधडतं. तिच्या कमरेला मोठा थोरला जुडगा असायचा — गोदरेजचं कपाट, कोठीची खोली, फाटक, गच्ची, सगळ्या चाव्या एका पितळी कडीत. चालली की वाजायची. सामन्याच्या सकाळी ती मला दहीसाखर द्यायला आली, आणि मी म्हटलं, आई, आज तू येच.

आणि मग मी तिला सांगितलं. लहानपणी मी शाळेतून घरी एकटी यायची, दार लावून बसायची, मला भीती वाटायची. आणि जिन्यात तुझ्या चाव्या वाजल्या की कळायचं, आई आली, आता कशाची भीती नाही. आज तशाच वाजव. शिखा दुसरी सर्व्हिस करायला उभी राहते ना, तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती वाटते. तेव्हा वाजव. मला धीर येईल.

काय सांगू तुम्हाला? ते जिन्याचं खरं होतं. शब्दन् शब्द खरा. मला खोटं बोलायला दुसरं काही मिळालं नाही का? माझ्या लहानपणातली ती एक चांगली गोष्ट होती, आणि मी तीच काढली.

आईचे डोळे भरले. तिला टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तर मी तिला स्वयंपाकघरात उभं राहून शिकवलं. पहिला चेंडू जाळीत गेला किंवा बाहेर पडला की ती खिशातून दुसरा काढते. काढला की वाजव. मोठ्यानं नको, अशी सहज. पदराखाली. आईनं दोनदा करून दाखवलं. मी म्हटलं, अगदी बरोबर.

पहिला सेट शिखानं सहा-दोन घेतला. तिच्या पहिल्याच सर्व्हिस आत पडत होत्या, आईला संधीच मिळत नव्हती. एकदा मिळाली तर ती लाजली, जुडगा नुसता हातात धरून बसली. दुसऱ्या सेटमध्ये शिखा पाच-दोन. सामना संपवायला तीच सर्व्हिस करणार होती. लोक चपला शोधायला लागले. सर तर तिच्यासाठी टाळ्या वाजवत उभेच राहिले. मी आईकडे बघितलं. हरणाऱ्या लेकीकडे आई जशी बघते तशी तिनं माझ्याकडे बघितलं.

दोन गुण शिखानं सहज घेतले, तिसरा मी, चौथा तिनं. चाळीस-पंधरा. सामना संपायला एक गुण. पहिली सर्व्हिस एवढीशी बाहेर. तिनं खिशातून चेंडू काढला.

छन-छन.

तिचा चेंडू वर गेला तो वाकडाच. रॅकेट अर्ध्यात थांबली. चेंडू जाळीच्या अगदी तळाशी जाऊन पडला. लोक 'अरे अरे' करून हसले. तिनं कोर्टाकडे पाठ केली, मागच्या जाळीकडे तोंड करून उभी राहिली. बराच वेळ. मग वळली, आणि — देवा — तिच्या चेहऱ्यावर सगळं होतं. बारा वर्षांत मी तो चेहरा असा पाहिला नव्हता. पुढची पहिली सर्व्हिसही चुकली. छन-छन. दुसरी थेट मागच्या कुंपणावर.

तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा अंपायरनं वरून म्हटलं, प्रेक्षकांनी कृपया शांतता ठेवा. कुणाकडे बोट दाखवलं नाही. पण आई! आईचा चेहरा पांढराफटक पडला. आयुष्यात तिला कुणी चारचौघांत बोललं नव्हतं. तिनं घाईघाईनं जुडगा पर्समध्ये टाकला, चेन लावली, आणि माझ्याकडे बघितलं. विचारत होती — आता?

इथे मला थांबता आलं असतं. तो गेम माझ्या हातात आला होता, पाच-तीन होणारच होते, तिची लय मोडली होती, कदाचित मी तशीही जिंकले असते. कदाचित. मी आईकडे बघून मान हलवली. हो म्हणून. आईनं पर्सची चेन उघडली.

दुसरा सेट मी सात-पाच घेतला. तिसरा सहा-एक. शेवटी शेवटी आईला चाव्या वाजवायची गरजच उरली नव्हती, पण ती आपली इमानेइतबारे वाजवत होती, लोक ओरडत असताना, दोन गुणांच्या मध्ये, अंपायरला ऐकू जाणार नाही अशा बेतानं. शिखा मान वळवून वळवून प्रेक्षकांत शोधत होती. तिची नजर आईवरून तीन-चारदा गेली. थांबली नाही. आंटींवर कशी थांबेल? आंटींच्या हातची खिचडी खाल्लेली.

जिंकल्यावर मी रडले. लोकांना वाटलं आनंदानं. आनंदानंच. सर धावत आले, माझं डोकं दोन्ही हातांत धरून सगळ्यांना ओरडून सांगत होते — हे डोकं बघा! पाच-दोनवरून! कोण म्हणतं कलेजा छोटा?

आणि जाळीपाशी शिखानं मला दोन बोटं दिली नाहीत. पूर्ण मिठी मारली.

तुम्हाला वाटेल, झाली कबुली. एवढंच होतं? नाही. एवढंच असतं तर मी कधीच कुणाला तरी सांगून मोकळी झाले असते. चाव्या वाजवल्या, वाजवल्या. खेळात माणसं काय काय करतात. रेषेला लागलेला चेंडू बाहेर देतात, खोटा पाय मुरगळतात. खरी गोष्ट त्यानंतरची आहे. कपडे बदलायच्या खोलीतली.

आम्ही दोघीच होतो. ती बाकावर बसली होती, टॉवेल डोक्यावर. मी बूट सोडत होते. तिनं टॉवेलमधूनच विचारलं, हळू आवाजात, 'सुन... किसी के पास चाबी थी क्या? तूने सुनी?'

तिला माझ्यावर संशय नव्हता हो. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. बाहेर कुठे वाजली, की आत.

मी नाडी सोडता सोडता म्हटलं, 'नहीं तो.'

दोन शब्द. ती टॉवेल काढून माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं आणि म्हणाली, 'तो फिर यहाँ बज रही है.' मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्यांदा. आणि म्हटलं, डॉक्टरला दाखव एकदा. मी म्हटलं हे! मी!

तिनं दाखवलं. इंदूरला जाऊन गोळ्या सुरू केल्या. पण त्यानंतर तिची दुसरी सर्व्हिस परत आलीच नाही. चावी असो नसो, तिला ऐकू यायची. एका स्पर्धेत तिनं खालून सर्व्हिस केली, लहान मुलं करतात तशी, आणि लोक हसले. मी त्या दिवशी पुढच्या रांगेत होते. दीड-दोन वर्षांत तिनं खेळणं सोडलं. मुलाखत दिली असती तर ती म्हणाली असती, कलेजा छोटा पड़ गया. पण मुलाखत घ्यायला कुणी गेलं नाही.

आणि मी? त्या मुख्य फेरीत पहिल्याच सामन्यात तासाभरात हरले. एका परदेशी मुलीनं मला पाणी पाजलं. ते कुणाच्या लक्षातही नाही. लोकांना पाच-दोन आठवतं. त्या पाच-दोनवर माझे वर्ग भरतात. शाळांमध्ये बोलावतात मला, मन कणखर कसं करावं यावर बोलायला. मी फळ्यावर आकडे लिहिते, पाच आणि दोन, आणि पोरींना सांगते, हरताना श्वास मोजा. पोरी वहीत उतरवून घेतात.

मागच्या महिन्यात शिखा आली. माझ्या कोर्टावर, संध्याकाळी, आठ वर्षांच्या मुलीचा हात धरून. थोडी जाड झाली आहे, चष्मा लागलाय, बँकेत आहे. मुलगी पीहू, दोन वेण्या, सारखी आईच्या मागे लपणारी. शिखा मला म्हणाली, हिला तुझ्याकडे घे. खेळ मीही शिकवीन. पण मन तू दे. माझ्यासारखं कच्चं नको व्हायला.

मला काय वाटलं असेल? शरम? खरं सांगायचं ठरवलंय तर खरंच सांगते. मला गार वाटलं. पेपरातलं अर्धं पान, बोर्डावरचं कात्रण, ती दोन बोटं, टावर चौकातलं हसणं — सगळ्याचं उट्टं निघालं. तिनं स्वतःच्या तोंडानं स्वतःला कच्चं म्हटलं, माझ्या कोर्टावर, माझ्यासमोर. मी म्हटलं, हो हो, का नाही, उद्यापासून पाठव.

आई बाकावर बसली होती. आता ती रोज येते, गुडघे दुखतात तरी येते. पोरींच्या आज्या तिला ओळखतात. शिखानं वाकून नमस्कार केला. आईनं तिला जवळ बसवलं, पीहूच्या गालावरून हात फिरवला, पोर घाबरलेली पाहून हसली, आणि कमरेचा जुडगा काढून तिच्यासमोर धरला. तोच पितळी कडीतला. मोडक्या हिंदीत म्हणाली, डरने का नहीं बेटा. ये देखो. तुम्हारी टीचर भी डरती थी. तुम्हारी मम्मी के साथ मॅच था ना, बड़ा वाला, तब मैंने यही बजाया. मम्मी दूसरा बॉल निकालती थी और मैं बजाती थी. इसने ही बोला था, आई, बजाओ तो मुझे हिम्मत आती है. और जीत गई!

आणि आईनं जुडगा वाजवला. छन-छन. पीहू हसली.

मी तिथेच उभी होते, हातात चेंडूंची टोपली. शिखा हलली नाही. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. त्या चाव्यांकडे बघत होती. मग म्हणाली, अगदी हळू —

'तो बजी थी.'

आईला वाटलं, तेव्हा तिला ऐकू आलं नसावं. हो मग, म्हणाली, पूरा टाइम बजाया.

'आंटी, एक बार और बजाइए ना.'

आईनं वाजवल्या. शिखानं डोळे मिटून ऐकल्या, शेवटपर्यंत, कडी थांबेपर्यंत. तिचा उजवा खांदा मला दिसत होता. तो खाली सैल होता. मग ती उठली. मागच्या जाळीकडे तोंड करून उभी राहिली, एक मोठा श्वास सोडला, आणि वळली तेव्हा चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. चौदा वर्षांनी तोच चेहरा. रेशनच्या रांगेतला.

ती माझ्यापाशी आली. मला वाटलं थोबाडीत मारेल. मारायला हवी होती. तिनं हात पुढे केला — दोन बोटं — आणि बघत होती आईकडे. मी टोपली खाली ठेवून ती दोन बोटं धरली. मग ती पीहूला घेऊन गेली. पीहू काही परत आली नाही. गेल्या रविवारी आमच्या जुन्या क्लबात गेले तर बाजूच्या कोर्टावर शिखा तिला सर्व्हिस शिकवत होती. पहिली मुद्दाम बाहेर मारायची, आणि दुसरी आत. एकामागून एक, आत. तिची ओढणी कमरेला बांधलेली होती, आणि ओढणीच्या गाठीला स्कूटरची चावी होती. प्रत्येक उडीला वाजत होती.

मी गाडीत बसून बघत राहिले. आणि मला काय वाटलं सांगू? आता ती माझ्यासमोर उभी राहिली तर मी हरेन, असं वाटलं. आणि त्याचाच राग आला. तिचं वाईट झालं याचं दुःख त्यानंतर आलं, बरंच नंतर, आणि थोडंच. तो सामना जिंकल्याचा आनंद मला आजही होतो. हे सगळ्यात शेवटी सांगायचं होतं.

आईला अजून काही माहीत नाही. शिखा का आली नाही परत, असं तीनदा विचारून झालं तिचं. तिच्या समोर बसून सांगायला मला जमत नाही, कलेजा छोटा आहे. हे मासिक आमच्याकडे टपालानं येतं. पाकीट आईच फोडते, आणि चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचते.